घर द्यायचे, की घराचा देखावा?

मे महिन्याच्या सुट्टीत ख्रिस्ती कुटुंबांनी एकमेकांची घरे आठ-दहा दिवसांसाठी बदलून घ्यावीत, ही कल्पना हल्ली आपल्याकडे बोलली जाऊ लागली आहे. मडगावच्या कुटुंबाने जूचंद्रला येऊन राहावे, जूचंद्रच्या कुटुंबाने त्याच दिवसांत मडगावच्या घरी उतरावे. भाडे कोणी कोणास द्यावयाचे नाही, फक्त किल्ल्यांची देवघेव करावयाची. कल्पना उत्तम आहे. हॉटेलांचे दर पाहिले म्हणजे चार माणसांच्या कुटुंबाने गोव्याला जावे की घरी बसून गोव्याची चित्रे पाहावीत, असा प्रश्न पडतो. तेव्हा मी या कल्पनेच्या बाजूची आहे, हे प्रथमच सांगून टाकते. माझे भांडण आहे ते तिच्या तयारीशी.

कारण या तयारीच्या ज्या गोष्टी कानांवर येतात त्या ऐकून मन धास्तावते. भिंतींना रंग काढावयाचा. पडदे नवे. बैठकीच्या खोलीत एअरकंडिशनर नसेल तर तो हप्त्यावर घ्यावयाचा. आजोबांची हार घातलेली तसबीर कपाटात, कारण परक्या माणसाला मृताची तसबीर पाहून प्रसन्न वाटणार नाही. आजीची खाट वाटेत येते, म्हणून खाट माळ्यावर आणि आजी लेकीकडे. नाताळला निघणारा चिनी मातीचा संच कुलपात, स्वयंपाकघरातले अर्धे डबे कुलपात आणि उरलेल्या अर्ध्यांवर ‘हात लावू नये’ अशा चिठ्ठ्या. या साऱ्यावर कळस म्हणजे ठळक अक्षरांतली अट : ‘फक्त ख्रिस्ती कुटुंबांसाठी’. इतके सारे झाल्यावर पाहुण्याच्या हाती जी किल्ली पडते ती कशाची? घराची खचित नव्हे. घर तर आपण आधीच बाहेर काढून ठेवलेले असते.

घरबदलीची ही चाल मूळची श्रीमंतांची नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १९५३ साली युरोपातील काही शिक्षकांनी ती संघटित रूपात सुरू केली. शिक्षकाची सुट्टी लांबलचक आणि पगार आखूड. तेव्हा आपले घर तू घे, तुझे मी घेतो, असा साधा हिशेब त्यांनी मांडला. त्यातून इंटरव्हॅक ही संस्था उभी राहिली. पुढे १९९२ साली अमेरिकेत होमएक्स्चेंज निघाली आणि चाल जगभर पसरली. परदेशात केवळ ख्रिस्ती कुटुंबांसाठी अशी देवघेव जुळवून देणारी मंडळीही आहेत. तिकडचे पाद्री तर सुट्टीत दुसऱ्या गावच्या पाद्रीनिवासात कुटुंबासह उतरतात आणि मोबदल्यात तिथल्या रविवारच्या उपासना चालवतात. आपल्या धर्मगुरूंना कुटुंब नसते. पण एक रजेवर गेला की दुसऱ्याने येऊन त्याच्या मिस्सा सांभाळणे आपणही पाहतोच.

आपल्यालाही यात अगदीच नवे असे काय आहे? वांद्र्याच्या मोतमाउलीची सप्टेंबरातली जत्रा आली की वसईकडची माणसे वांद्रे-खारच्या नातलगांकडे उतरायची आणि मे महिन्यात वांद्रे-खारची पोरे आंबे-करवंदे खायला वसईच्या वाड्यांत यायची. कोणी घर बदलते आहे असे कोणाला वाटत नसे, पण बदल होत होता. यजमान घरातच असे आणि पोरे पडवीत ओळीने झोपत, एवढाच फरक. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांचे दर्शन दर दहा वर्षांनी जुन्या गोव्यात होते. अलीकडचे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. अशा वेळी ज्यांचे गोव्यात कोणी नातलग असेल त्यांची सोय लागते. नसेल त्यांनी लॉजचे दार ठोठवावयाचे. घरबदल नात्यापलीकडच्या माणसांसाठी तेच दार उघडते, म्हणून तिचे मोल.

शिवाय तिला आणखी एक बाजू आहे. वसईच्या किनारपट्टीवर, अर्नाळा-राजोडी-कळंबकडे, गेली कित्येक वर्षे घर म्हणजे शनिवार-रविवार भाड्याने द्यावयाची वस्तू झाली आहे. वाडी विकावयाची नाही म्हणून बंगला बांधला आणि बंगला परवडत नाही म्हणून तो रात्रीच्या हिशेबाने दिला. मग आवारात ध्वनिवर्धक वाजू लागला आणि शेजारच्या आजारी म्हाताऱ्याला झोप येईनाशी झाली. हरित वसईसाठी १९८९ पासून ज्या पिढीने रस्त्यावर उतरून लढा दिला तिने ही वाडी यासाठी राखली नव्हती. घरबदलीत पैसा मध्ये येत नाही. माझ्या घरी येणारा माझ्या शेजाऱ्याला त्रास देणार नाही, कारण त्याच वेळी मी त्याच्या शेजाऱ्यांत राहत असते. हा धाक कोणत्याही नियमावलीपेक्षा खरा.

आता तयारीकडे वळू. पहिला घोळ होतो तो घराची माहिती कळवताना. लग्नाच्या वेळी स्थळ सांगतात तशी आपण घराची माहिती सांगतो. ‘निसर्गरम्य परिसर, रेल्वे स्थानक जवळ.’ जूचंद्रला रेल्वे स्थानक आहे हे खरेच. वसई-दिवा मार्गावर आहे. त्या मार्गावर दिवसातून मोजक्याच गाड्या थांबतात हेही तितकेच खरे. वांद्रे-मडगाव एक्सप्रेस २९ ऑगस्ट २०२४ रोजी सुरू झाली आणि आपल्याकडची माणसे हरखली. पण मडगावहून त्या गाडीने येणारा पाहुणा भिवंडी रोड सोडल्यावर जूचंद्रवरून न थांबता पुढे जातो, वसई रोडला उतरतो आणि मग रिक्षाने किंवा नायगावपर्यंत लोकलने उलटा मागे येतो. वसई रोडला इंजिनाची दिशा बदलावी लागू नये म्हणून नायगाव-जूचंद्र जोडमार्ग मंजूर झाला आहे. तो झाला म्हणजे गाड्यांचा वेळ वाचेल. पाहुण्याला मात्र आज काय करावे लागेल ते आज सांगितले पाहिजे. सामान आणि दोन लहान मुले घेऊन, भर उन्हात, स्थानक जवळ आहे या वाक्यावर विसंबून येणाऱ्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा आणि मग लेखणी उचलावी.

तेच पाण्याचे. आपल्याकडे नळाला पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते, टाकी कोण चालू करते, मे महिन्यात टँकर मागवावा लागतो की नाही, हे साधे ज्ञान आपल्या हाडांत मुरलेले आहे, म्हणून ते सांगावे असे आपल्याला सुचत नाही. गोव्याच्या विहिरीवर वाढलेल्या माणसाला ते कोठून असणार? वीज जाते, हे लिहावे. मिठागरांच्या बाजूने संध्याकाळी डास येतात, हे लिहावे. महामार्गावर बापाण्याच्या फाट्याशी वाहने तुंबली की अर्धा तास जातो, हे लिहावे. जूनमध्ये येऊ इच्छिणाऱ्याला २०१८ च्या जुलैत पावसाने वसईची रेल्वे कशी बंद पाडली तेही सांगून ठेवावे. त्याने यायचे की नाही ते त्याचे त्याला ठरवू द्यावे. खरे सांगितले तर पाहुणा येणार नाही, अशी भीती आपल्याला वाटते. खोटे सांगून आलेला पाहुणा परत जाताना काय सांगत जाईल, याची भीती का वाटत नाही?

आणि ज्या गोष्टी खरोखर सांगण्याजोग्या त्या आपण गाळतो. डोंगरावरच्या चंडिकादेवीच्या मंदिराचा उल्लेख करायला आपल्याला संकोच वाटतो, जणू त्या डोंगराच्या पायथ्याशी आपण राहतच नाही. रांगोळीचे गाव म्हणून जूचंद्रचे नाव दूरवर पोहोचले आहे. माणसाच्या चेहऱ्यावरची सुरकुती आणि डोळ्यांतले पाणी चिमटीतल्या रंगाने जमिनीवर उतरवणारे कलावंत या गावात घरोघर आहेत. दिवाळीच्या दिवसांत रांगोळ्यांची प्रदर्शने पाहायला बाहेरगावची माणसे येथे येतात. आपण येथे राहून ती पाहिली आहेत का? उन्हाळ्यात मिठागरांत मीठ काढण्याचे काम चालते, पांढऱ्या राशी उभ्या राहतात. गोव्यात पेडण्याजवळ आगरवाड्याला अशीच मिठागरे आहेत. तिकडचे पोर येथे आले तर त्याला ओळखीचे काही दिसेल. ‘आगर’ हा शब्द दोन्हीकडे एकच, आणि आपल्या आगरी शेजाऱ्यांचे नावही त्याच शब्दावरून आले असे सांगतात. भिंतीच्या नव्या रंगापेक्षा ही माहिती पाहुण्याच्या अधिक उपयोगी पडेल.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लिहावयास बसले तिच्याकडे येते. घरबदलीचा निर्णय बहुधा जेवणाच्या टेबलावर होतो आणि तो बहुधा पुरुष करतात. ‘आपण यंदा गोव्याला जाऊ, त्यांना इकडे येऊ दे.’ वाक्य संपले. तेथून पुढचे सगळे घरच्या बाईचे. निघण्याआधी आपले घर आरशासारखे करावयाचे, कारण परकी बाई आपल्या मोरीचा कोपरा बघणार. तेथे पोहोचल्यावर त्या घरात आठ दिवस रांधावयाचे, कारण हॉटेलचा खर्च वाचवण्यासाठीच तर आलो. परतण्याआधी ते घर पुन्हा आरशासारखे करावयाचे, कारण आता आपली लाज. आणि परत आल्यावर आपले घर पुन्हा आवरावयाचे, कारण कितीही सज्जन पाहुणा असला तरी त्याने कालथा नेमका भलत्याच खणात ठेवलेला असतो. तीन वेळा झाडलोट आणि तिला म्हणावयाचे सुट्टी! त्यातून महिना मेचा. आपल्या घरोघर हेच दिवस वर्षाचा बाटली मसाला करण्याचे. मिरच्या उन्हात घालावयाच्या, मसाल्याचे एकेक जिन्नस वेगळे भाजावयाचे, कुटून बाटल्यांत ठासून भरावयाचे. आगोटीची बेगमी, सुकी मासळी, पापड, लोणची, सगळे याच उन्हात. गच्चीवर मिरच्या वाळत असताना घर पाहुण्याच्या हवाली कसे करावयाचे, हा प्रश्न टेबलावर बोलणाऱ्यांना पडलेला नसतो.

बेथानीच्या घरातली गोष्ट आपण सारे जाणतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात मार्था पाहुणचाराच्या धावपळीत आहे, मरिया प्रभूच्या पायांशी बसून ऐकते आहे आणि मार्था तक्रार करते. या उताऱ्यावर प्रवचने पुष्कळ झाली आणि बहुतेकांत मार्थेला बोल लागला. बहिणीने हात लावावा, एवढेच तिचे मागणे होते, ते मात्र कोणी फारसे उलगडत नाही. प्रभूने तिला काम टाकून दे असे सांगितल्याचे मला त्या ओळींत दिसत नाही. पुष्कळ गोष्टींचा घोर तू लावून घेतला आहेस, एवढे तो तिच्या नजरेस आणून देतो. आठ पदार्थ कशाला, एकाने भागले असते, असाही त्याचा अर्थ करणारे आहेत आणि मला तो पटतो. पोप फ्रान्सिस यांच्या काळात, २०२१ साली, २९ जुलैचा मार्थेचा स्मृतिदिन मार्था, मरिया आणि लाझरस या तिन्ही भावंडांचा करण्यात आला. मला त्या बदलाचे मोठे समाधान वाटले. पाहुणा घरी आला होता तो तिघांच्या, एकट्या मार्थेच्या नव्हे. लाझरस त्या दिवशी काय करीत होता हे लूक सांगत नाही. आपल्या घरांतले लाझरस काय करतात ते आपण पाहतोच.

म्हणून माझे म्हणणे असे की, ज्या घरातले पुरुष आणि मुलगे झाडू, पोछा आणि मोरीची घासणी हाती घेणार नाहीत त्या घराने घरबदलीच्या फंदात पडू नये. आणि ज्या घराने पडावयाचे ठरवले त्याने ‘आरसा’ हे माप सोडून द्यावे. अंथरूण धुतलेले, मोरी स्वच्छ, पिण्याचे पाणी भरलेले, शेगडीला गॅस पुरेसा, पहिल्या संध्याकाळपुरते तांदूळ-डाळ आणि चहा-साखर. एवढ्यात थकून आलेल्या माणसाचे भागते. संत बेनेडिक्टच्या मठनियमाचा त्रेपन्नावा अध्याय पाहुण्यांविषयी आहे. आलेल्या प्रत्येकात ख्रिस्त पाहावा, अशी त्याची शिकवण, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच अध्यायात पाहुण्यांसाठी वेगळे स्वयंपाकघर असावे, ते चालवायला दोन सेवक वर्षभरासाठी नेमावेत आणि गरज पडली तर त्यांना मदतनीस द्यावेत, असा काटेकोर बंदोबस्त सांगितला आहे. पाहुणचार ही कष्टाची गोष्ट आहे, एकाच्या अंगावर टाकली तर तो कुरकुरेल, हे त्या साधूला सहाव्या शतकात कळले होते.

कुलपाविषयी फार लिहीत नाही. दागिने आणि घराची कागदपत्रे बँकेत ठेवावीत किंवा बहिणीकडे द्यावीत; त्यात अविश्वास काही नाही, पाहुण्याच्याही डोक्याचा ताप वाचतो. पण ताटे-वाट्या कुलपात घालून पाहुण्याला प्लॅस्टिकच्या बशा काढून ठेवणे हा अपमान आहे. कप फुटला तर फुटला. ज्या घरात काहीच फुटावयाचे नाही असे ठरलेले असते तेथे लहान मूल आणू नये, पाहुणा तर नाहीच.

आजोबांच्या तसबिरीचे आणि आजीच्या खाटेचे मात्र मला गांभीर्याने सांगावयाचे आहे. आल्तारावरचा क्रूस, मोतमाउलीची मूर्ती, जपमाळ, वाळलेली झावळी, आजोबांची तसबीर हे सारे जेथल्या तेथे असू द्यावे. पाहुणा ख्रिस्ती असो वा नसो, आपण कोणाच्या घरी आलो आहोत हे त्याला कळावे, यातच त्याचा मान आहे. आणि आजीचे काय? घरबदलीची सारी मांडणी रिकाम्या होऊ शकणाऱ्या घरांसाठी झालेली आहे. आपली घरे अजून तशी नाहीत, याबद्दल मी देवाचे आभार मानते. आजीला प्रवास झेपत असेल तर ती गोव्याला आपल्याबरोबर येईल. झेपत नसेल तर ती आपल्या खाटेवर राहील आणि पाहुण्यांना तसे आधी कळवले जाईल. ज्यांना चालेल ते येतील. पुष्कळांना चालेल असा माझा अंदाज आहे, कारण त्यांच्याही घरी एक आजी असणार. ज्या सुट्टीसाठी आजीला बोचक्यासारखे उचलून दुसरीकडे ठेवावे लागते ती सुट्टी न घेतलेली बरी.

राहिली ती ठळक अक्षरांतली अट. तिच्या बाजूने जे बोलले जाते ते मी नीट ऐकून घेतले आहे. समान श्रद्धा असली की समजावून सांगावे लागत नाही. फ्रिजमधले डुकराचे मांस पाहून कोणी नाक मुरडत नाही. रविवारी मिस्सा कितीला, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. आणि मुख्य म्हणजे ख्रिस्ती माणसावर विश्वास टाकता येतो. यातल्या पहिल्या तीन गोष्टी खऱ्या आहेत आणि सोयीच्या आहेत. सोय म्हणून त्या मान्य करावयास माझी हरकत नाही. ओळखीचे म्हणून ख्रिस्ती कुटुंबांपासून आरंभ करणेही स्वाभाविक आहे. धर्मग्रामांच्या ओळखीपाळखीतून जे जुळेल ते जुळेल. हरकत आहे ती चौथ्या गोष्टीला.

बाप्तिस्म्याचा दाखला हा चारित्र्याचा दाखला आहे, असे आद्य ख्रिस्तसभेनेही कधी मानले नव्हते. ‘डिडखे’ किंवा बारा प्रेषितांची शिकवण म्हणून जो अतिप्राचीन ग्रंथ आहे, ज्याचे हस्तलिखित १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडले, त्यात प्रवासी पाहुण्यांसाठी चक्क नियम घालून दिले आहेत. प्रभूच्या नावाने येणाऱ्याला घरात घ्यावे, पण पारखून घ्यावे. वाटसरूने दोन, फार तर तीन दिवस राहावे. राहायचेच असेल तर कामधंदा करावा. प्रेषित म्हणवणारा तीन दिवस ठाण मांडून बसला किंवा जाताना पैसे मागू लागला तर तो खोटा समजावा. म्हणजे त्या काळीही ख्रिस्ताचे नाव सांगून फुकट जेवणारे होते. लुसियन हा दुसऱ्या शतकातला ख्रिस्तेतर लेखक तर पेरेग्रिनस नावाच्या एका भोंदूची कथा रंगवून सांगतो. भोळ्या ख्रिस्ती लोकांनी त्याला तुरुंगातही कसे पोसले, यावर तो हसतो. त्याचे हसू आपल्याला झोंबते, पण आद्य ख्रिस्ती लोकांनी हसू होईल म्हणून दार लावून घेतले नाही आणि दार उघडे आहे म्हणून डोळेही मिटले नाहीत. दोन्ही कुटुंबांनी आधी एकमेकांशी बोलावे, शक्य तर भेटावे, कोणातरी दोघांना ओळखणाऱ्या माणसाचा शब्द घ्यावा. धर्मगुरूंचे पत्र मिळाले तर आणखी चांगले. ही पारख धर्म न विचारताही करता येते.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. मुंबईत घर शोधताना ‘तुम्ही मांसाहारी का?’ या प्रश्नाने ज्यांना दारातून परत फिरावे लागले अशी कुटुंबे आपल्यांत किती आहेत, हे प्रत्येकाने आपल्या आप्तांत चौकशी करून पाहावे. आडनाव ऐकताच दलालाचा आवाज कसा बदलतो, हे आपल्याला नव्याने शिकवण्याची गरज नाही. यावर कायद्याचे म्हणणे काय, असे कोणी विचारील. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली निकाल दिला की, सदस्यत्व पारशी समाजापुरते ठेवण्याचा तिचा उपविधी चालू शकतो. आपल्याही लोकांनी वांद्र्यात गेल्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत कॅथलिकांची सहकारी गृहसंस्था उभी केली होती. लहान समाजाला आपली वस्ती विखरू नये असे वाटते, यामागची कळकळ मला समजते. पण कायद्याला चालते म्हणून ते आपल्याला शोभते, असे होत नाही. जी पाटी दुसऱ्याच्या दारावर पाहून आपल्या डोळ्यांत पाणी आले तीच आठ दिवसांच्या पाहुण्यासाठी आपण आपल्या दारावर लावावयाची?

जूचंद्रात तर ती पाटी हास्यास्पदच ठरते. येथे आपण मूठभर आहोत. मुंबईच्या उपनगरांतून नायगाव पूर्वेच्या नव्या इमारतींत राहायला आलेली आपली कुटुंबे ज्या मातीवर उभी आहेत ती आगरी शेजाऱ्यांची. रात्री-अपरात्री रुग्णालयात नेण्यासाठी रिक्षा कोण काढतो? पाण्याचा पंप बिघडला की कोणाला हाक मारली जाते? आपण गावाला गेलो की दूधवाल्याला ‘उद्यापासून नको’ हे कोण सांगते? किल्ली कोणापाशी असते? मंगळूरच्या ज्या कुटुंबाला आपण कधी पाहिलेले नाही त्याच्यावर केवळ आडनावावरून विश्वास टाकावयाचा आणि ज्या शेजाऱ्याच्या हाती वर्षानुवर्षे घराची किल्ली आहे त्याच्या धर्माला अविश्वासाची यादी लावावयाची, हा कोणता न्याय? शेजारच्या वहिनींनी उद्या विचारले, ‘आमच्या भावजयीलाही मुलांना घेऊन गोव्याला जायचे आहे, तिचे घर नाशिकला आहे, जुळेल का हो तुमच्यात?’ तर काय उत्तर द्यावयाचे ते अट घालणाऱ्यांनी आधी ठरवून ठेवावे.

घर तयार करावयाचे तर पहिली तयारी या शेजाराची. कोण येणार, किती जण, किती दिवस, हे मजल्यावरच्या लोकांना सांगावे. सोसायटीला लेखी कळवावे. पाहुण्यांना शेजाऱ्यांची नावे कळवावीत आणि आल्यावर पहिला चहा त्यांच्याकडे होईल असे पाहावे. कॅनडाहून किंवा आखातातून आपलीच मुले-नातवंडे या घरबदलीत उतरू पाहत असतील, तर परदेशी नागरिक घरात मुक्कामास आल्याची नोंद चोवीस तासांत शासनाकडे करावी लागते, हेही ध्यानात असू द्यावे. ते काम यजमानाचे, पाहुण्याचे नव्हे.

एक गोष्ट उरते आणि ती अवघड आहे. ज्यांच्याकडे बदलावयास घरच नाही त्यांचे काय? एका खोलीत सहा माणसे राहतात, तिच्या बदल्यात मडगावचे पडवीचे घर कोण देणार? घरबदल समान घरांत जुळते; ज्याला सुट्टीची सर्वांत जास्त गरज तोच तिच्या बाहेर राहतो. लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभूने जेवणावळीविषयी जे सांगितले ते येथे कोणी काढले की आपण घाईने विषय बदलतो : परत बोलावू शकतील अशांनाच बोलावण्यात काय विशेष? बेनेडिक्टही गरीब आणि यात्रेकरू यांचे स्वागत अधिक आस्थेने करावयास सांगतो, कारण श्रीमंतांचा मान त्यांच्या दबदब्यानेच राखला जातो असे त्याला दिसत होते. वसईच्या वाड्यांत आज कितीतरी मोठी घरे वर्षातले अकरा महिने बंद आहेत. मुले परदेशी, म्हातारी माणसे गेलेली, आठवड्यातून एकदा कोणी जाऊन खिडक्या उघडतो. त्यांतले एखादे घर मे महिन्यात एका आठवड्यासाठी, मोबदल्यात काहीही न घेता, अशा एका कुटुंबाला द्यावयाचे म्हटले तर त्याच्या तयारीला काय लागते? झाडून घ्यावयाचे, विहिरीचा पंप चालतो का ते पाहावयाचे, दिवाबत्तीची सोय करावयाची आणि शेजारी सांगून ठेवावयाचे.

आमच्या मजल्यावरचे एक कुटुंब येत्या मेमध्ये मडगावला जाण्याच्या बेतात आहे. तिकडच्या कुटुंबाला पाठवावयाचे पत्र त्यांनी मला वाचावयास दिले होते. नव्या पडद्यांचा रंग त्यात होता, नळाची वेळ नव्हती. ती आता घातली आहे. आजी घरीच असतील आणि त्यांना रात्री नऊनंतर मोठा आवाज सोसत नाही, हे घातले आहे. वसई रोडला उतरून नायगावला यावे, तेथून पूर्वेला रिक्षा मिळते, हे घातले आहे. आणि शेवटी लिहिले आहे की, किल्ली समोरच्या दारी मिळेल. त्या घरची माणसे आगरी आहेत, सोमवारी मासे खात नाहीत, पण बाजारात ताजी मासळी कोणापाशी घ्यावी ते त्यांनाच विचारावे.